दिसतं म्हणजे नेमकं काय होतं? घरच्या घरी करून बघायचे प्रयोग, क्रमाने

प्रकाश म्हणजे काय असं कुणी विचारलं की शाळेतलं उत्तर तोंडावर तयार असतं, सरळ रेषेत जातो, पांढऱ्यात सात रंग असतात, तानापिहिनिपाजा वगैरे. पण यातलं तू स्वतः काय बघितलंयस असा पुढचा प्रश्न आला की पंचाईत होते, माझी झाली होती. म्हणून हा लेख वाचायला कमी आणि करायला जास्त आहे. माझं म्हणणं एवढंच की दिसणं ही गोष्ट थोडी बाहेर घडते आणि थोडी आपल्या आत, आणि बाहेरचं कुठे संपून आतलं कुठे सुरू होतं ते घरातल्या सामानानेसुद्धा पकडता येतं.

सामान काय लागेल: काळा कार्डपेपर, सेलोटेप, टाचणी, वाचायचं साधं भिंग, जुनी सीडी, पांढरे कागद, स्केचपेन, मोबाईल आणि पूर्ण अंधार करता येईल अशी एक खोली. आधीच सांगून ठेवतो, सूर्याकडे थेट बघायचं नाही, भिंगातून तर मुळीच नाही आणि कागदाच्या भोकातूनही नाही. रेटिना, म्हणजे डोळ्याच्या आतला मागचा प्रकाश पकडणारा पडदा, भाजला तरी दुखत नाही, तिथे दुखण्याच्या नसाच नाहीत, त्यामुळे नुकसान होऊन गेल्यावर कळतं. लेझरही कुणाच्या डोळ्याकडे धरायचा नाही, लहान मुलं असतील तर तो काढूच नका, इथल्या एकाही प्रयोगाला तो लागत नाही.

पायरी १: प्रकाश दिसतो का ते बघा

खोलीत अंधार करा, मोबाईलचा टॉर्च टेबलावर आडवा ठेवा आणि त्याच्या झोताला बाजूने बघा. समोरच्या भिंतीवर उजेडाचा गोळा दिसेल, टॉर्चचं तोंड दिसेल, पण मधल्या हवेत जवळपास काहीच दिसणार नाही. आता तिथे एखादी जुनी चादर झटका. धूळ उडाली की झोत दिसायला लागतो, म्हणजे आपल्याला दिसते ती धूळ. प्रकाश समोरून जात असला तरी तो आपल्या डोळ्यात शिरत नाही तोवर आपल्यासाठी अंधारच.

हे आता सोपं वाटतं, पण युक्लिड आणि टॉलेमीसारखी प्राचीन ग्रीक विद्वान माणसं डोळ्यातून किरण बाहेर जातात आणि वस्तूला जाऊन चाचपतात असं मानत होती. साधारण हजार वर्षांपूर्वी इब्न अल्-हैथम या अरब शास्त्रज्ञाने कैरोत बसून त्याच्या उलट मांडणी केली, आणि त्याचा एक मुद्दा अगदी रोखठोक होता: सूर्याकडे बघितलं की डोळा दुखतो, म्हणजे काहीतरी बाहेरून आत येतंय ना.

त्याच टॉर्चसमोर पाण्याचा ग्लास ठेवून त्यात दुधाचे दोन-चार थेंब टाका. बाजूने बघितलं तर पाणी किंचित निळसर दिसतं आणि टॉर्चच्या समोरून, ग्लासमधून बघितलं तर दिवा पिवळट-नारिंगी. दुधातले बारीक कण निळा प्रकाश जास्त विखुरतात आणि लाल-नारिंगी पुढे जाऊ देतात. आकाश निळं असतं आणि मावळता सूर्य लाल, त्याचं कारण साधारण हेच, फक्त तिथे विखुरण्याचं काम हवेचे रेणू करतात.

पायरी २: खोलीचाच डोळा करा

हा माझा सगळ्यात आवडता प्रयोग, पण थोडी चिकाटी लागते. भर दुपारी, बाहेर चांगलं ऊन असताना एका खिडकीला आतून काळा कार्डपेपर लावा, कडा सेलोटेपने नीट बंद करा, दाराच्या फटीत कपडा कोंबा. मग कागदात पेन्सिल आरपार जाईल एवढं एकच भोक पाडा. भोकासमोर साधारण एक मीटरवर पांढरा कागद धरा आणि पाच-दहा मिनिटं गप्प उभे राहा. इथेच लोक कंटाळून सोडून देतात, कारण सुरुवातीला काही म्हणजे काही दिसत नाही. डोळे सरावले की कागदावर बाहेरचं झाड, समोरची इमारत, आकाश, सगळं रंगीत आणि उलटं दिसायला लागतं, आणि कुणी रस्त्यावरून चालत गेलं तर ते कागदावर डोकं खाली पाय वर करून चालतं. मी पहिल्यांदा केलं तेव्हा भोक मुठीएवढं पाडलं होतं, जास्त उजेड येईल म्हणून, आणि कागदावर नुसता पांढुरका डाग आला, अर्धा तास वाया.

तो डाग का आला ते समजलं की अर्धं काम झालं. झाडाच्या शेंड्यावरून प्रकाश सगळ्या दिशांना जातो, त्यातला एक बारीक झोत भोकातून खाली तिरका येतो आणि कागदाच्या खालच्या भागावर पडतो. बुंध्याकडचा वर जातो. म्हणून उलटं. भोक लहान असेल तर एका बिंदूचा प्रकाश कागदावर जवळपास एकाच जागी पडतो, भोक मोठं केलं की प्रत्येक बिंदूचा मोठा ठिपका होतो आणि सगळे ठिपके एकमेकांवर चढतात. उजेड वाढतो, चित्र पुसट होतं. भोक बारीक केलं तर चित्र स्वच्छ पण अंधुक. दोन्ही एकदम हवं असेल तर भोकाने भागत नाही, भिंग लागतं.

मग भिंग घ्या. यासाठी अंधार नको, दिवसा खिडकीच्या समोरच्या भिंतीजवळ जाऊन भिंग खिडकीकडे तोंड करून धरा आणि मागे कागद पुढेमागे सरकवा. एका ठराविक अंतरावर खिडकीचं छोटं, उलटं, लख्ख चित्र उमटेल. डोळ्यात हेच होतं, आणि रेटिनावरचं चित्र उलटं असतं हे केप्लरने 1604 मध्येच लिहून ठेवलं. मग आपल्याला सुलटं का दिसतं? कारण आत बसून तो पडदा बघणारं कुणी नाहीच. रेटिनावरून नसांमधून विजेचे संकेत जातात आणि कुठल्या संकेताचा अर्थ ‘वर’ लावायचा ते मेंदू ठरवतो. 1890 च्या दशकात जॉर्ज स्ट्रॅटन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने जग उलटं दाखवणारी भिंगं डोळ्यावर लावून बरेच दिवस काढले, सुरुवातीला सगळी तारांबळ उडाली आणि मग काही दिवसांनी हातपाय बऱ्यापैकी बरोबर चालायला लागले.

आणि हो, डोळ्यातली लेन्स सगळं काम करते असं आपण समजतो ते तितकंसं खरं नाही. प्रकाश वाकवण्याचं साधारण दोन तृतीयांश काम पुढचा पारदर्शक कॉर्निया करतो, आतली लेन्स बारीक फोकस लावते. पाण्याखाली डोळे उघडले की सगळं धूसर दिसतं ते यामुळेच, पाणी आणि कॉर्निया प्रकाशाला जवळपास सारखेच, त्यामुळे कॉर्नियाची ताकद तिथे जवळजवळ संपते. गॉगल लावला की कॉर्नियासमोर परत हवा आली आणि दिसायला लागलं.

पायरी ३: मोबाईलवर पाण्याचा थेंब (हे चुकवू नका)

सीडी आधी. रात्री एकच दिवा चालू ठेवा आणि सीडीची चकचकीत बाजू तिरकी करत त्याचं प्रतिबिंब बघा. जुना तारेचा बल्ब असेल तर लाल ते जांभळा सलग पट्टा दिसतो, सीएफएल असेल तर वेगवेगळे तुटक रंग, आणि पांढऱ्या एलईडीत निळा ठळक, मग जरा फिकी जागा आणि पुढे हिरवा-पिवळा-लाल पसरलेला. तिन्ही दिवे डोळ्याला मात्र ‘पांढरे’च. न्यूटनने 1666 च्या सुमारास लोलक घेऊन पांढरा प्रकाश असाच सोडवला होता, सीडीवर ते काम 1.6 मायक्रॉन अंतरावरच्या बारीक ओळी करतात.

आता मोबाईलवर पूर्ण पांढरा फोटो उघडा, ब्राइटनेस फुल करा, बोट पाण्यात बुडवून स्क्रीनवर अगदी छोटा थेंब सोडा, मोहरीएवढा. थेंब भिंगासारखा काम करतो. जवळून बघा. पांढरं कुठेच नाही, लाल, हिरवे, निळे ठिपके किंवा पट्ट्या आहेत.

थेंब पुसून आता गडद पिवळा फोटो उघडा आणि परत थेंब सोडा. लाल आणि हिरवे ठिपके पेटलेले, निळे विझलेले, आणि पिवळा ठिपका एकही नाही! डोकं चार इंच मागे घेतलं की स्क्रीन पिवळीधम्मक. मी हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा पाच-सहा वेळा डोकं मागेपुढे केलं, मग घरातल्या सगळ्यांना एकेक करून बोलावून दाखवलं.

म्हणजे तो पिवळा आला कुठून? आपल्याला दिसणारा प्रकाश साधारण 380 ते 750 नॅनोमीटर तरंगलांबीचा. रेटिनात रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी तीनच प्रकारच्या, एक साधारण 420 नॅनोमीटरला सगळ्यात जास्त प्रतिसाद देते, दुसरी 530 च्या आसपास, तिसरी 560 च्या आसपास. यातली एकही पेशी रंग ओळखत नाही हे नीट लक्षात घ्या, ती फक्त मला इतका प्रकाश मिळाला एवढंच सांगते. मेंदू तिघींचे आकडे शेजारी ठेवतो आणि त्यावरून रंग ठरवतो. खरा पिवळा प्रकाश, म्हणजे सोडियमच्या दिव्याचा 589 नॅनोमीटरचा, दुसऱ्या आणि तिसऱ्या पेशीला एकदम जागं करतो. स्क्रीनवरचा लाल आणि हिरवा मिळूनही त्याच दोघींना तेवढंच जागं करतात. आकडे तेच आले, म्हणून रंग तोच. डोळ्याकडे हा फरक ओळखायचा कुठलाही मार्ग नाही. सगळे टीव्ही, मोबाईल, प्रोजेक्टर या एका फसवणुकीवर चाललेत, आणि तीन प्रकारच्या पेशी असाव्यात हा अंदाज थॉमस यंगने 1802 मध्येच बांधला होता, पेशी कुणी पाहिल्याही नव्हत्या तेव्हा.

आणखी एक गंमत, इंद्रधनुष्यात राणी रंग शोधून दाखवा. सापडणार नाही, कारण त्या रंगाची स्वतःची तरंगलांबीच नाही. लाल आणि निळ्याच्या पेशी, म्हणजे वरची तिसरी आणि पहिली, जाग्या आणि मधली, हिरव्याची, झोपलेली, असा निरोप आला की मेंदू राणी रंग दाखवतो, बाहेर तसं एका तरंगलांबीचं काही नसतं. तीनपैकी एक प्रकार नसेल किंवा थोडा वेगळा असेल तर रंगांधळेपणा येतो, लाल आणि हिरव्याच्या पेशींची जनुकं एक्स गुणसूत्रावर असतात म्हणून तो पुरुषांमध्ये बराच जास्त आढळतो.

पायरी ४: दोन बोटांतून लाटा

हे दोन मिनिटांचं काम. दोन बोटं एकमेकांना जवळजवळ चिकटवा, केसाएवढी फट ठेवा, ती डोळ्याच्या अगदी जवळ धरून त्यातून लांबच्या दिव्याकडे बघा. फट अजून कमी करत जा. मध्येच बारीक काळ्या उभ्या रेघा दिसतात. प्रकाश नुसता सरळ जाणाऱ्या गोळ्यांसारखा असता तर या रेघा यायला नको होत्या, लाटा एकमेकींत मिसळून काही जागी रद्द होतात म्हणून त्या येतात. याच यंगने लाटांची बाजू मांडली, मॅक्सवेलने 1860 च्या दशकात सांगितलं की ही वीज आणि चुंबकत्वाची लाट आहे, आणि 1905 मध्ये आइनस्टाइनने दाखवलं की धातूवर पडताना हाच प्रकाश सुट्या पुड्यांमध्ये ऊर्जा देतो, त्यांना आपण फोटॉन म्हणतो. मग लाट की कण? दोन्ही शब्द आपल्या रोजच्या अनुभवातले आहेत, प्रकाश त्यातल्या एकात पूर्ण बसत नाही, आणि मला विचाराल तर या वादात फार अडकायची गरज नाही. बोटांच्या फटीत लाटेसारखा वागतो आणि आपल्या रेटिनावर एकेक फोटॉन म्हणून पकडला जातो.

पायरी ५: अंधबिंदू शोधा

कागदावर डावीकडे एक फुली आणि तिच्या उजवीकडे बरोबर 8 सेंटीमीटरवर एक काळा ठिपका काढा, नखाएवढा. डावा डोळा झाका. उजव्या डोळ्याने फुलीकडेच बघा. कागद हात लांब करून धरा आणि सावकाश जवळ आणा. साधारण 30 सेंटीमीटरवर ठिपका नाहीसा होईल, आणखी जवळ आणला की परत येईल. जमत नसेल तर शंभरात नव्वद वेळा कारण एकच असतं, तुम्ही चोरून ठिपक्याकडे बघताय. दुसरं कारण म्हणजे कागद तिरका झालाय.

रेटिनावरच्या सगळ्या नसा जिथे गोळा होऊन डोळ्याबाहेर पडतात तिथे प्रकाश पकडणाऱ्या पेशीच नाहीत. ही जागा लहान नाही बरं का, आकाशात शेजारी शेजारी ठेवलेले आठ-दहा पूर्ण चंद्र तिच्यात मावतील. ऑक्टोपसला ही अडचण नाही, त्याच्या नसा मागच्या बाजूने निघतात.

आता ठिपक्याच्या जागी एक आडवी जाड रेघ काढा आणि मधला बोटभर तुकडा सोडून द्या, ती मोकळी जागा अंधबिंदूवर आणा. रेघ अखंड दिसते! तिथे खड्डा नाही, काळं नाही, मेंदूने आजूबाजूचं बघून जागा भरून टाकली आणि आपल्याला विचारलंही नाही.

पायरी ६: कडेचं आणि अंधारातलं बघणं

समोरच्या एका बिंदूवर नजर खिळवा आणि कुणालातरी तुमच्या मागून एक स्केचपेन हळूहळू बाजूने पुढे आणायला सांगा, रंग न सांगता. आधी काहीतरी हललं हे कळेल, रंग बराच उशिरा, आणि पेनवरची अक्षरं तर जवळजवळ समोर येईपर्यंत वाचता येणार नाहीत. बारीक वाचता येईल अशी जागा रेटिनाच्या मध्यावर अगदी छोटी आहे, हात लांब केल्यावर अंगठ्याच्या नखाएवढं जेवढं दिसतं साधारण तेवढीच. बाकी सगळं स्पष्ट दिसतंय असं वाटतं कारण नजर सारखी इकडून तिकडे उड्या मारत असते.

दुसरा प्रयोग रात्रीचा. उजेडात बसून एक डोळा वीस-पंचवीस मिनिटं घट्ट झाकून ठेवा, वर रुमाल बांधा, तोवर काहीतरी ऐकत बसा. मग दिवे घालवा आणि एकदा हा डोळा, एकदा तो असं उघडून बघा. झाकलेल्या डोळ्याला खुर्ची, कपाटाची कड, दाराची फट सगळं दिसतं आणि दुसऱ्याला काळाकुट्ट अंधार. माणूस एक, खोली एक, आणि दोन डोळ्यांना दोन रात्री.

हे काम दंडपेशींचं, म्हणजे रेटिनातल्या मंद उजेडात बघणाऱ्या पेशींचं. एका डोळ्यात शंकूपेशी साधारण 60 लाख आणि दंडपेशी जवळपास 12 कोटी. भरपूर उजेडात दंडपेशींमधलं रंगद्रव्य विरघळून गेल्यासारखं होतं आणि परत पूर्ण तयार व्हायला अर्धा-पाऊण तास लागतो, त्यासाठी जीवनसत्त्व अ लागतं, म्हणूनच त्याची कमतरता असली की रातांधळेपणा येतो. 1942 मध्ये हेक्ट, श्लेअर आणि पिरेन यांनी मोजलं तेव्हा असं निघालं की अंधाराला सरावलेल्या डोळ्याला प्रकाश जाणवायला दंडपेशींनी पाच ते चौदाच्या आसपास फोटॉन पकडले तरी पुरतात. इतकं नाजूक यंत्र आणि आपण रात्री उठून पहिल्यांदा मोबाईलच डोळ्यासमोर धरतो.

दंडपेशी एकाच प्रकारच्या, म्हणून अंधारात रंग जातात. लाल आणि निळ्या स्केचपेनने शेजारी शेजारी चौकोन रंगवून ठेवा आणि सरावलेल्या डोळ्याने बघा, लाल जवळजवळ काळा पडतो आणि निळा त्यामानाने उजळ राहतो. तारे बघणारे लाल टॉर्च वापरतात तेही याच कारणाने, दंडपेशींना लाल फारसा कळत नाही त्यामुळे सरावलेला डोळा बिघडत नाही. अंधुक तारा बघायचा असेल तर त्याच्या थोडं बाजूला बघा, रेटिनाच्या अगदी मध्यावर दंडपेशी नसतात आणि थेट बघितलं की तारा गायब होतो.

पायरी ७: टाचणीच्या भोकातून, स्वतःच्या रक्तवाहिन्या आणि स्वतःचा नंबर

कार्डपेपरला टाचणीने एक भोक पाडा. ते डोळ्याच्या अगदी जवळ धरून पांढऱ्या उजळ स्क्रीनकडे बघा आणि कागद भराभर, छोट्या गोल घिरट्यांमध्ये हलवा. थोड्या वेळात वाळलेल्या पिंपळाच्या पानासारखी जाळी दिसते. या तुमच्या रेटिनावरच्या रक्तवाहिन्यांच्या सावल्या. त्या कायमच पडलेल्या असतात, पण एकाच जागी पडतात म्हणून मेंदू त्या सोडून देतो. भोक हलवलं की सावल्या हलतात आणि पकडल्या जातात. हलवणं थांबवा, दोन सेकंदांत जाळी विरून जाईल.

तेच भोक दुसऱ्या कामाला. चष्मा असेल तर काढा आणि भोकातून लांबच्या अक्षरांकडे बघा. नुसत्या डोळ्याने धूसर आणि भोकातून स्वच्छ दिसत असेल तर बहुतेक गोष्ट नंबरची आहे, कारण पायरी २ मध्ये बघितलं तसंच, बारीक झोत आला की ठिपका लहान राहतो, फोकस चुकला तरी. भोकातूनही धूसरच राहत असेल तर कारण चष्म्यापलीकडचं असू शकतं, डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन तपासून घ्या, टाळाटाळ नको. अचानक काळे ठिपके वाढले, चमकल्यासारखं व्हायला लागलं किंवा एका बाजूला पडदा आल्यासारखं वाटलं तर त्याच दिवशी जा, हे रेटिना सुटण्याचं लक्षण असू शकतं.

पायरी ८: आरसा

आरशात जवळून स्वतःच्या डाव्या डोळ्याकडे बघा, मग उजव्या, मग परत डाव्या. डोळा हलताना दिसतोय का बघा. दिसणार नाही, कितीही वेळा करा. आता दुसऱ्या कुणालातरी आरशासमोर उभं करून तेच करायला सांगा, त्यांचे डोळे टकाटक हलताना स्पष्ट दिसतात. नजर उडी मारते तेवढ्या क्षणात मेंदू बघणं जवळपास बंद ठेवतो आणि दोन्ही टोकं जोडून देतो. आता मोबाईलचा सेल्फी कॅमेरा चालू करा आणि स्क्रीनवरच्या तुमच्या डोळ्यांमध्ये तशीच नजर फिरवा. कॅमेऱ्याचं चित्र थोडं उशिरा येतं, तोवर मेंदूने परत बघायला सुरुवात केलेली असते, आणि तिथे कधीकधी तुमचा स्वतःचा डोळा हलताना तुम्हाला सापडतो.